मोगऱ्याखालची चाई

शुक्रवार, संध्याकाळ

हात सारखा उजव्या कानामागे जातोय. त्याच जागी.

शेजारच्या सुमाअक्कांकडे आज वरमहालक्ष्मीची पूजा होती. हळदकुंकवाला गेले. अक्का मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या, कानडी मुलखातल्या. त्या गजरा हातात देत नाहीत, स्वतः माळतात, हे कसं विसरले मी? त्या मागे आल्या आणि माझी चाई, ती केस गेलेली रुपयाएवढी गुळगुळीत जागा, त्यांच्या बोटांखाली आली. मग म्हणाल्या, "अय्यो, एक पांढरा केस आहे गं इथं. थांब स्वल्प." आणि मी तोंड उघडायच्या आत उपटलासुद्धा!

डॉक्टर म्हणाल्या होत्या, नवा केस आधी पांढरा येऊ शकतो. माझीच प्रतिकारशक्ती माझ्या केसांवर उठलीय, तिला आवरायला ही नवी गोळी. त्यासाठी आधी टीबीची तपासणी, मग सारखं रक्त द्यायचं, साध्या सर्दीलाही घाबरायचं. बंद केली तर पुन्हा गळतील, हेही सांगून ठेवलंय. एवढं करून इतके महिने काहीच नव्हतं.

की तो कडेचा, पिकलेला जुनाच केस होता? मागचं मला दिसतंय कुठे!

अक्कांवर चिडू तरी कशी? गजरा त्यांनी नेमका त्या जागेवर बसवला, कुणाला दिसू नये असा.

पण उपटताना चांगलंच दुखलं. म्हणजे मूळ धरलं होतं ना त्यानं?