समोरच्या गच्चीवरचा सूर्य

१२ जानेवारी २०२५, सकाळी
आजपासून रोजनिशी. उद्देश एकच, मनःशांती.
भाजीला गेलेलो, तर कोपरीच्या नाक्यावर सुदेश तांडेल भेटला. समोरच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी. मी आमच्या बिल्डिंगचा. शाळेत एकाच बाकावर होतो. माझी गणितं बघून पास झालेला माणूस. म्हणाला, मधुभाव, आमची सबसिडी मंजूर झायली. गच्चीवं सोलर, जिन्यान एलईडी, स्लॅबला पांढरा रंग. लिफ्ट नि पंप आता सूर्यनारायण वढणार.
मी अभिनंदन केलं. अगदी मनापासून. आणि मेथी न घेताच घरी आलो.
मुळात ही कल्पना माझी. योजनेचं कात्रण मी दोन वर्षांपूर्वीच कापून ठेवलंय. ते सापडत नाही, हा वेगळा मुद्दा.
संकल्प : रथसप्तमीला आमच्या गच्चीवर सोलर. सुदेशच्या आधी.

१९ जानेवारी
सोसायटीची सभा घेतली. सात जण आले, त्यातले दोघे पाण्याची तक्रार घेऊन. मी मुख्य विषयाला हात घातला : उद्घाटनाची संगमरवरी पाटी. सेक्रेटरीचं नाव वर असावं की मधोमध, यावर चांगली चर्चा झाली. बरीचशी मीच केली. तिसऱ्या मजल्यावरच्या शीलावहिनींनी विचारलं, पण अर्ज केलाय का? काही लोकांना प्रत्येक गोष्टीची घाई असते.
उपसमिती नेमली. अध्यक्ष मी. अर्जाचं ती बघेल.
समोर रंगारी आलेत.

२७ जानेवारी
क्षिप्राला नोकरी लागली! डिप्लोमा घेऊन दीड वर्ष घरात बसलेली पोर. मध्ये सोलरचा कसलासा सरकारी कोर्स केला, त्यातूनच मानपाड्याच्या एका कंपनीने चार मुली घेतल्या. पहिली साइट वेळेत झाली तर पक्क्या करणार. फार दिवसांनी तिला हसताना पाहिलं. बिल्डिंगमध्ये मी सांगून टाकलं, ऊर्जा क्षेत्रात ऑफिसर.
जेवताना ती सांगत होती की साइट अगदी जवळच मिळालीये बाबा, तुम्ही ऐकाल तर... तेवढ्यात समोर ट्रक लागला. लोखंडी सांगाडे उतरवत होते. मी खिडकीशी गेलो. परत आलो तेव्हा ताटं उचललेली होती.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी
उपसमितीची बैठक झाली नाही. अध्यक्षांना सर्दी. गच्चीवर सूर्याची रांगोळी काढून फोटो ग्रुपवर टाकला. सुरुवात तर झाली.
समोर मात्र सांगाडे उभेसुद्धा राहिले. शुभदा म्हणाली, सुदेशभावजी किती धावपळ करतात ना. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या धावपळीबद्दल असलं वाक्य कधी ऐकलं नाही. आणि हा भावजी कधीपासून झाला?
संकल्प : त्या गच्चीकडे बघायचं नाही.

७ फेब्रुवारी
दुर्बीण काढली. खाडीवरचे फ्लेमिंगो बघायला घेतलेली. फ्लेमिंगोंच्या वाटेत सुदेशची गच्ची येते, त्याला माझा इलाज नाही.
पिवळ्या हेल्मेटातला एक किडकिडीत पोरगा दिवसभर बोल्ट आवळत होता. सुदेशने स्वतःच्या हाताने त्याला चहा दिला, पाठ थोपटली. नुसता दिखावा. दुपारी पोरग्याने डबा उघडला. दुधी भोपळा. आमच्याकडेही आज भोपळाच, योगायोग. काम मात्र झकास करतो. कोणाचा कोण, पण बापाला अभिमान वाटत असेल.
क्षिप्रा दमून आली. तिला म्हटलं, समोरच्या पोराकडून जरा शिक. ती माझ्याकडे बघतच राहिली.

१० फेब्रुवारी
आज वॉर्ड ऑफिसला तक्रार टाकली. ‘एक जागरूक नागरिक’ या नावाने. असूयेपोटी नाही. असूया असती तर मी सही केली असती का? केली नाहीच, पण मुद्दा तो नाही.
सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं टिपणं लिहिली आहेत. लिहिलं की, सदरहू पॅनेल वरून पाण्यासारखी चमकत असल्याने फ्लेमिंगो पक्ष्यांचा त्या गच्चीस खाडी समजण्याचा संभव नाकारता येत नाही. दोनदा मोठ्याने वाचून बघितलं. काय भाषा आहे!

१७ फेब्रुवारी
काम थांबलं!! पक्ष्यांचं नाव निघताच तिकडे कोणी सही करायला धजेना म्हणे. पाहणी होईपर्यंत सगळं बंद. गच्चीवर सुदेश एकटाच डोक्याला हात लावून बसलेला. मला वाईट वाटलं. जिलबी आणली.
क्षिप्रा घरीच. जिलबीला हात लावला नाही. म्हटलं, सुट्टी? म्हणाली, साइट बंद पडलीय, मार्चअखेर झाली नाही तर आम्हा चौघींना घरी बसवतील. कोणीतरी कंप्लेंट केलीय. मी म्हटलं, लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. ती म्हणाली, हो ना. फ्लेमिंगो म्हणे.
मी जिलबीचा पुडा पुन्हा बांधून ठेवला.

१८ फेब्रुवारी
मला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, पण नीट नाही. दार उघडून समोरच्या गच्चीवरचं ते पिवळं हेल्मेट बघितलं. आमच्याच शू-रॅकवर.

२० फेब्रुवारी
तक्रार मागे घ्यायला वॉर्ड ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाला, जागरूक नागरिक स्वतः यायला पाहिजे, ओळखपत्र घेऊन. मी म्हटलं, विचारतो त्यांना.
घरी येऊन नवा अर्ज टाकला. ‘दुसरा जागरूक नागरिक’. फ्लेमिंगो हा सुज्ञ पक्षी असून, वगैरे. पहिल्याइतका जमला नाही.

२५ फेब्रुवारी
दोन नागरिकांत मतभेद असल्याने आता सुनावणी लागणार आहे. काम आणखी लांबलं.
क्षिप्रा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा पाणी प्यायलो आणि परत आलो.

२ मार्च
सुदेश घरी आला. माझ्याकडे नाही, क्षिप्राकडे. म्हणाला, पोरी, रडू नको. मी कंपनीला सांगून आयलोय, या चार पोरींना काढलंव तर तुमचं सोलर आमाला नको. वार्डाच्या सायबाला पण गच्चीवं बसवतो सकालपासून, बगू दे किती पाखरं उतरतान ती.
क्षिप्रा उठून बसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. मी एवढे दिवस आणलेली आंबोळी, खरवस, सगळं फुकट.
जाताना दारात मला म्हणाला, कंप्लेंट करनाऱ्याचं मराठी मात्र जाम भारी, मधुभाव. शालेत असलं फक्त तुमचंच असायचं.
चला, एवढ्या वर्षांनी का होईना, माणसाने कबूल केलं. शुभदा आत निघून गेली. का ते कळलं नाही.

११ मार्च
साहेब येऊन गेले. सकाळभर बसले. चहा, तळलेली सुरमई. एकही पक्षी आला नाही. परवानगी दिली. एरवी एवढे पक्षी असतात!

३० मार्च, गुढीपाडवा
समोर उद्घाटन. मी गेलो नाही. रीतसर निमंत्रण नव्हतं. क्षिप्राने सकाळी शुभदाला सांगितलं, आई, तू ये. मी तिथेच उभा होतो. तिने मला टाळलं असं नाही, घाईत असेल.
खिडकीतून बघितलं. सुदेशने बटण स्वतः दाबलं नाही, क्षिप्राला पुढे केलं. लिफ्ट सुरू झाली. टाळ्या. सगळी कोपरी लोटलेली. आणि क्षिप्रा वाकली. भरल्या लोकांत सुदेशच्या पाया पडली. त्याने डोळे पुसले. हे मात्र मला सहन झालं नाही. काही झालं तरी बाप मी आहे.
त्या घरी यायच्या आत धुतलेला सदरा घातला. हॉलमध्ये मधोमध खुर्ची घेतली. चपला काढून पाय जोडून पुढे ठेवले. आशीर्वाद काय द्यायचा तेही ठरवून ठेवलं.
क्षिप्रा आली. हातपाय धुतले, आत जाऊन झोपली.
बराच वेळ तसाच बसून होतो. शेवटी शुभदा आली. म्हणाली, पाय वर घ्या, केर काढायचाय.
घेतले.