मामाच्या पाटावरचं यंत्र

॥ श्री ॥

मखमलाबाद, नाशिक
पौष वद्य पंचमी

सिंगापूर मुक्कामी श्रीमान योगेशरावांना आशाताईचे आशीर्वाद. (चिरंजीव असंच लिहिणार होते, पण मागच्या पत्राखाली तू आपला हुद्दा इंग्रजीत छापून पाठवलास, तेव्हापासून नुसतं योगेश म्हणायची भीती वाटते.) तुझी तब्येत उत्तम असेलच, तिकडे आजारी पडायलाही अर्ज करावा लागत असेल. इकडे आई, तुझे दाजी, आमची धाकटी हर्षाली आणि दोन्ही म्हशी मजेत आहेत. आमची रूपाली सासरी रुळली आहे. हळद झाल्यापासून अंथरुणाला खिळलंय ते फक्त तू पाठवलेलं यंत्र, आणि त्याचीच हकिकत कळवायला हे पत्र.

पहिल्याच भाचीच्या लग्नाला मामाला सुटी नाही हे कळल्यावर आम्हाला काही वाटलं नाही. खरंच नाही. मामा नाही तर नाही, मामाने मिनीडिस्क रेकॉर्डर पाठवलाय, असं दाजी गावभर सांगत फिरले. तुझी चिठ्ठी घोटीला नेऊन आईला वाचून दाखवली. ‘यात लग्नातलं सगळं भरून पाठव, अगदी हळदीच्या गाण्यांसकट. डिजिटल आहे, खरखर अजिबात येत नाही. मी इथे कानाला लावून बसेन, म्हणजे तिथे असल्यासारखंच.’ आई म्हणाली, ‘मग त्याचं जेवण पन त्याच्यातच भरून धाडू का?’ मी तिला गप्प केलं. तुला वाईट वाटू नये एवढीच माझी इच्छा असते.

यंत्र दिसायला गोड. साबणाच्या वडीएवढं, खिशात मावणारं. सोबत तू तीन कोऱ्या चकत्या पाठवल्या होत्यास. प्रत्येक चकती प्लास्टिकच्या चौकोनी डबीत. आता ती डबीसकटच यंत्रात घालायची असते हे तू चिठ्ठीत लिहिलं नव्हतंस, आणि तुझ्या दाजींना सामानावरचं वेष्टन काढल्याशिवाय चैन पडत नाही. (आमच्या सोफ्यावरचं मात्र अजून आहे.) त्यांनी पेचकसाने डबी फोडली, आतली चकती काढली आणि मेनरोडला नेऊन एका दुकानदाराला दाखवली. तो म्हणाला, ‘काका, ही कॅसेट हाय का सीडी, ते आधी तुम्ही ठरवा.’ दाजी रागावून परत आले. त्या चकतीत आता हर्षाली टिकली लावताना तोंड बघते. दुसरी चकती तिने रेडिओवरची गाणी भरून बळकावली आणि चार दिवस कानात बोंडं घालून हिंडली. हाका मारून मारून माझा घसा बसला. तुझ्या यंत्राने गाण्यासाठी केलेली ही पहिली सेवा.

उरली एक. तिच्यावर दाजींनी सराव म्हणून स्वतःच्या आवाजात मंगलाष्टकं म्हटली. शेवंतीच्या वाफ्यात उभं राहून, डोळे मिटून. म्हणून झाल्यावर बटण दाबलं आणि सेल वाया जाऊ नये म्हणून लगेच काढून ठेवला. यंत्र बंद केल्यावर ऐकलेलं सगळं ते आत नोंदवतं म्हणे, तोवर थांबायचं असतं. पडद्यावर तसं लिहूनही येतं. पण थांबणं दाजींच्या स्वभावात नाही. मंगलाष्टकं पुसली गेली, चकती पुन्हा कोरी. यंत्राला अक्कल आहे हे मला त्याच दिवशी पटलं.

मग हळद. आई घोटीहून दोन दिवस आधीच आली होती. तुला आठवत असेल (नसेलही, म्हणून सांगते), आपल्याकडे हळदीच्या गाण्यात एकेका नातेवाइकाचं नाव घेतात आणि ज्याचं नाव येईल त्याने उठून नवरीला हळद लावायची. आईचा आवाज आता घोगरा झालाय, पण गाणं सुटलेलं नाही. आत्याचं नाव झालं, मावशीचं झालं. मग तिने मामाचं नाव घेतलं. सवयीने घेतलं गं, असं नंतर म्हणाली. तुझं नाव घेऊन ती थांबली, कारण नाव घेतल्यावर थांबायचंच असतं. बायका थांबल्या. ताशेवाले बाहेर चहा पीत होते. रूपालीने मान वर करून दाराकडे बघितलं, वेडी कुठली. मामाचा पाट मांडलेला होता आणि त्याच्यावर, सगळ्यांचा आवाज नीट यावा म्हणून, दाजींनी तुझं यंत्र ठेवलं होतं.

तेवढ्यात फुलाबाई (दाजींची चुलती, जिला बघून तू लहानपणी माळ्यावर लपायचास) मोठ्याने हसली. ‘आगं, मामा नाय आला तं काय झालं? त्याचं यंतर तं हाय ना पाटावर! लावा त्यालाच!’ आणि तेलात कालवलेल्या हळदीचे दोन्ही हात यंत्रावर फिरवले. मग बाकीच्या बायका काय मागे राहतात? कुणी कुंकू लावलं, कुणी तांदूळ टाकले, कुणी त्याच्यासमोर टोपी ठेवली. तुझा असा थाट तू स्वतः असतास तरी झाला नसता. एवढं होऊनही यंत्र चालूच होतं, आणि या वेळी दाजींनी ते बंद केल्यावर सेल काढू नये म्हणून मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

संध्याकाळी आईच्या एका कानात बोंड घातलं, एक माझ्या कानात. आई आधी म्हणाली, ‘ही कोन म्हातारी गाती?’ गाणी संपल्यावर बोंड काढून हातात दिलं आणि म्हणाली, ‘लय येळ थांबले का गं मी?’ मी म्हटलं, नाही, यंत्राची चूक आहे.

त्यानंतर दाजींनी ते साफ करायला घेतलं. फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करतात तसं: रॉकेलचा बोळा फिरवला, फटीत तोंड लावून फुंकर मारली आणि गच्चीवर उन्हात घालायचं ठरवलं, म्हणजे लग्नाच्या दिवशी ठणठणीत होईल. ते झालं नाही. म्हणून प्रत्यक्ष लग्नाचं तुला काहीच ऐकायला मिळणार नाही. माईकवरून ‘नवरीच्या मामांनी नवरीला मांडवात आणावं’ असा पुकारा झाला तोही नाही. तो तीनदा झाला. मामा म्हणून आपल्या अमोलला (काकांचा, पाहिलास तर ओळखशील) उभं करायचं ठरलं होतं, पण ते अमोलला सांगायचं दाजी विसरले. तो बिचारा पंगतीसाठी बुंदीच्या बादल्या भरत होता, तसाच पळत आला. रूपालीच्या शालूच्या खांद्यावर पाकातली चार बोटं उठली आहेत. ती शालू धुवायला देत नाही. म्हणते, मामाची आठवण आहे, असू दे.

एकूण लग्न छान झालं. तुझी उणीव कुठेही भासली नाही. तब्येतीला जप.

तुझी,
आशाताई

ता. क. : यंत्र इथे कुणी दुरुस्त करत नाही. नवं पाठवू नकोस, दाजी आहेत अजून.

ता. क. दुसरा : हळदीची चकती सोबत ठेवली आहे. कडा पिवळ्या झाल्यात, पण त्या संध्याकाळी नीट वाजली होती. तुझ्याकडे दुसरं यंत्र आहे म्हणाला होतास, त्यात लाव. हर्षालीने माहितीपुस्तक वाचून सांगितलं की शांतता झाली की गाणं संपलं असं समजून ते आपोआप पुढचा आकडा टाकतं. तीन नंबरचं गाणं तुझ्या नावाशी थांबतं. चार नंबर फुलाबाईच्या हसण्याने सुरू होतं. मधली शांतता मात्र फार स्वच्छ आली आहे. तू म्हणाला होतास तसं, खरखर अजिबात नाही.

ता. क. तिसरा : सांगायचं राहिलं. हर्षालीची सुपारी फुटली. मुलगा इगतपुरीचा, रेल्वेत आहे. लग्न वैशाखात. गाण्यात या वेळी मामाचं नाव घ्यायचं की गाळायचं, असं आई विचारते. तिला काय सांगू, ते कळव.