बाभळीचा ग्लू

५ नोव्हेंबर

परत उकलला! तीन तास उकळत्या पाण्यात ठेवला आणि प्लायवूडच्या तुकड्याचे थर सुटे झाले. मार्चमध्ये हाच बाभळीच्या सालीचा ग्लू बहात्तर तास टिकला होता. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, या सालीनं चामडं कमवतेत. महिनाअखेरपर्यंत पाहू, नाही तं आपला ड्रमवाला ग्लूच बरा."

ड्रममधला विकतचा रासायनिक ग्लू तापला की वाफ डोळ्यांत जाते. शेठच्या नाही — थर दाबणाऱ्या गरम प्रेसवर उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याच्या. सुगत घरी येतो तेव्हा डोळे मिरची चोळल्यासारखे लाल. म्हणे ड्रमवाला बरा!

६ नोव्हेंबर

कृती तीच, प्रेस तोच. बदलली असेल तर साल. म्हणजे गुणाबाई.

८ नोव्हेंबर

कारखान्यातून सुट्टी काढून शहापूरहून अड्याळला गेले. गुणाबाईच्या घरचे ढिवर, तलावात मासे धरतात, आणि शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या बाभळींची साल ती आम्हाला पुरवते. मी अंगणातच सुरू झाले — जुनी साल खपवता का आमच्या गळ्यात? ती जाळं विणत होती. हात थांबले नाहीत. "साल ताजीच हाय, बाई. तुमी जसी सांगतली तसीच देऊन राहिली मी." चोर तो चोर, वर शिरजोर!

मग सुनेला म्हणाली, "ज्योत्सना, पानी दे बाईले." मी पाणी न पिता निघाले. आमच्या घरचं पाणी कोणी नाकारलं की आई आठवडाभर धुमसायची. हे माहीत असून निघाले. राग होता, दुसरं काय.

९ नोव्हेंबर

गुणाबाई बंद. आता साल मोहाडीचा घनश्याम देणार.

१७ नोव्हेंबर

टिकला! पूर्ण बहात्तर तास! सुगतने तुकडा दगडावर आपटला तरी थर सुटला नाही. मला रडूच आलं. मग परत राग — त्या बाईपायी चार महिने मातीत गेले.

१८ नोव्हेंबर

घनश्यामच्या सालीला बोटभर माती. गाळणी तुंबली. धुऊन आणता येत नाही का, म्हणून त्याला झापलं. तो हसला. "धुतली तं सारा कस पान्यात जाते, मॅडम. ढिवरायले पुसा, ते याच सालीनं जाळे रंगवतेत."

जुलैत हीच गाळणी तुंबली होती. तेव्हा मीच गुणाबाईला सांगितलं, साल दोन दिवस तलावात भिजवून स्वच्छ करून आणत जा. ती म्हणालीही होती, "बाई, रंग निंघून जाईन." आणि मी काय म्हणाले? रसायनशास्त्र तुम्ही शिकलात की मी!

ग्लूला धरून ठेवणारा सालीतला कस म्हणजे टॅनिन, आणि ते थंड पाण्यातही उतरतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. उद्या शेठला सगळं सांगणार.

१९ नोव्हेंबर

तोंड उघडायच्या आतच शेठ म्हणाले, "चूक कोनाची होती ते एका ओळीत लिहून द्या. साल देनाऱ्याची असन तं हा ग्लू चालू ठेवतो. आपल्याच मानसाची असन तं मले भरोसा नाही, ड्रम मागवतो." दारातून प्रेस दिसत होता. सुगत बाहीने डोळे पुसत होता.

लिहून दिलं — गुणाबाईंची साल निकृष्ट होती. खाली सही केली.