रिकाम्या बोळातली रेघ

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी (तुम्ही साखरेमुळे पायांना फार जपता, म्हणून चार हात लांबूनच) नमस्कार.

पत्राचा आरंभ तक्रारीनं करणं शिष्टसंमत नाही हे मी जाणतो, पण गोष्ट कुळाच्या अब्रूची आहे. आमच्या कंपनीच्या, फोनवरच्या फळं फोडण्याच्या खेळाला तुम्ही पाचापैकी चार तारे दिलेत आणि खाली 'ठीक' असा शेरा मारलात. दादा, त्या खेळाला आजवर नऊ जणांनी तारे दिले. त्यातले आठ नातेवाईक, आणि नववा एक सद्गृहस्थ, ज्याला हे फळं घरपोच पाठवणारं अ‍ॅप वाटलं होतं. (फळं न मिळताही त्यानं पाच दिले. याला औदार्य म्हणतात.) आणि सख्खा मामा चारावर थांबतो! तुम्ही दिवसभर लोकांच्या हृदयाचे आलेख तपासून खाली 'ठीक' लिहिता, तोच हात इथे चालला असणार. पण तुमची भाची, म्हणजे आमची लेक, दोन दिवस 'मामाला काय आवडलं नसेल?' करत हिंडत होती. शेवटी मी तिची समजूत घातली की, बाई गं, माझं स्थळ आलं तेव्हाही तुझ्या मामानं मला वरपासून खालपर्यंत पाहून एवढंच म्हटलं होतं, आणि ते लग्न अजून टिकून आहे.

तुमची साखर कशी आहे? वहिनींचा गुडघा जिना चढू देतो का? इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. (असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचा मजकूर वाचताना हे वाक्य फार गंभीरपणे घेऊ नये.)

आमची कंपनी तुम्हाला माहीत आहे ती तुमच्या बहिणीच्या फोनवरच्या वर्णनातून, म्हणजे काचेची आणि लिफ्टवाली. वस्तुतः ती इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आहे. खालच्या वाफेनं फरशी कायम कोमट असते, त्यामुळे थंडीत आम्ही सगळे बूट काढून काम करतो. बाहेरच्या खोलीत चार टेबलं (चौथं म्हणजे आडवं टाकलेलं जुनं दार, कडीसकट), भिंतीवर एक मोठा पडदा, आणि फळीवर जुन्या फोनांचा वृद्धाश्रम: कोणाला तडा गेलेला, कोणाचं पोट फुगलेलं, कोणी कानानं अधू. प्रत्येक नवा खेळ या वृद्धांवर चालवून पाहावा लागतो, कारण जगाच्या खिशात फोन असतात ते असेच. माणसं मोजकीच. तुमची भाची खेळ रचते. खेळाचा सगळा प्रोग्रॅम लिहिणारा तरुण फारसा बोलत नाही म्हणून मी त्याला मौनीबाबा म्हणतो. तिसरा आवाज तयार करतो. ओल्या फरशीवर रबरी चप्पल घासून त्यातून तो असा हुंदका काढतो की ऐकणाऱ्याला आपले सगळे अपराध आठवावेत. तो आमचा ध्वनिमहर्षी. तुमची बहीण हिशेब आणि सगळ्यांचे खाण्याचे डबे सांभाळते. आणि मी संचालक. कॉलेजातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर (विद्यार्थ्यांनी संस्कृतातून ती माझ्याआधीच घेतली होती) भाचीला कागदांवर सही करायला एक वयस्क चेहरा हवा होता. शिवाय मी खेळांच्या गोष्टी लिहितो. त्यातलं संस्कृत ती काढून टाकते, आणि मग जे काही उरतं ते खेळात जातं. उरतं थोडंच.

फळांनंतर भाचीच्या लक्षात आलं की लोकांना काही फोडायचं नसतं, घाबरायचं असतं. म्हणून यंदाचा खेळ भीतीचा. पोहण्याच्या तलावाची बंद पडलेली इमारत. त्यात एक प्लंबर शिरतो आणि गळके नळ बंद करत शेवटच्या खोलीकडे जातो. मागे ओली पावलं उमटत जातात, जी त्याची नसतात. कपडे बदलण्याच्या खोलीत मी एक अतृप्त स्त्री योजली होती, हातात टॉवेल घेतलेली. तिला करुणगंभीर असं चांगलं पानभर स्वगत लिहून दिलं. भाचीनं ते कापून दोनच शब्द ठेवले: 'टॉवेल हवाय?' दादा, माझं स्वगत ऐकून कोणाला जांभई आली असती. ते दोन शब्द कानामागून आले आणि मी खुर्चीसकट मागे गेलो.

इथेच घात झाला. हा खेळ बनवणारे कोणीच त्याला घाबरेनासे झाले होते. ज्यानं हडळीचे दात रंगवले त्याला दात दिसत नाहीत, रंग कुठे कमी पडलाय ते दिसतं. त्यांना एक असा माणूस हवा होता जो दर वेळी, मनापासून, नव्यानं घाबरेल. माझी या विषयातली पात्रता तुम्हाला सांगायला नको. (लग्नानंतर तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीला मी 'कोण आहे?' असं विचारलं होतं. चादरीमागून उत्तर देणारे तुम्हीच होतात.) जो गुण जन्मभर लपवला त्याला उतारवयात हुद्दा मिळाला: मी कंपनीचा अधिकृत भित्रा झालो. मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ बांधायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, खेळायला बसायचं. माझ्या ठोक्यांची तांबडी रेघ मागच्या मोठ्या पडद्यावर धावते आणि सगळे माझ्याकडे पाठ करून तिच्याकडे पाहत बसतात. रेघ उसळली तर प्रसंग ठेवायचा, सपाट राहिली तर काढून टाकायचा. 'बाबा, मध्येच हसू नका, रेघ पडतेय,' असं भाची ओरडते. मी घाबरलो की तिचा चेहरा असा फुलतो की क्वचित थोडं जास्तच घाबरावंसं वाटतं.

आता मुद्द्याचा बोळ. कपड्यांच्या खोलीतून यंत्रखोलीकडे जाणारा एक बोळ खेळात आहे. त्यात काहीही नाही. मौनीबाबाचं तिथलं काम व्हायचं होतं, म्हणून नुसती पांढरी फरशी आणि एक ट्यूबलाइट. तिथून मी आरामात चाललो होतो आणि खालच्या इस्त्रीवाल्याकडून माझा पांढरा शर्ट आणायचा राहिलाय, असा विचार करत होतो. त्याच वेळी, जिन्याची अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी छातीत झालं. मग एकदम घाई, ठोक्यांची रेटारेटी. मग पुन्हा सगळं जागेवर. हेडफोन काढतो तो काय, खोलीत जल्लोष. ध्वनिमहर्षी टाळ्या वाजवतोय, भाचीनं मला मिठी मारली. पडद्यावर रेघेचा असा सुळका उभा होता की त्यापुढे टॉवेलवाली म्हणजे वारूळ. 'बाबा, काहीच नसताना तुम्ही सगळ्यांत जास्त घाबरलात! कळतंय का तुम्हाला, केवढं सापडलंय हे?'

मला कळत होतं. मी 'हो ना' म्हणालो.

त्या सुळक्यावर एक संपूर्ण सिद्धांत उभा राहिला, दादा. भीती वस्तूत नसते, वस्तूच्या अभावात असते. (मोठमोठ्या आचार्यांना अभावाची व्याख्या करताना घाम फुटला, आमच्याकडे ती चहा संपायच्या आत झाली.) त्यानुसार ओली पावलं गेली, हुंदका गेला, आणि माझी टॉवेलवाली तर एका दुपारीत बडतर्फ झाली. आता खेळात बोळच बोळ आहेत, स्वच्छ आणि रिकामे. खेळ बाजारात आणणाऱ्या मोठ्या कंपनीच्या बाईंना भाचीनं तो आलेख दाखवला, तर बाई हरखल्या. शुक्रवारी त्या स्वतः येताहेत. मी त्यांच्यासमोर खेळायचं, आणि रेघ कशी उसळते ते त्यांना पडद्यावर प्रत्यक्ष पाहायचंय. त्यांनी खेळ घेतला तर कंपनीचं बस्तान बसलं. नाही घेतला तर दोन खोल्या सोडायच्या आणि भाचीनं पुन्हा कोणाच्या तरी नोकरीत जायचं, हे तिनं मला हसत सांगितलं. पण त्या वेळी ती दाराच्या टेबलाची कडी उगाचच लावत-काढत होती.

आता माझी पंचाईत पाहा. शुक्रवारी रेघ उसळली नाही तर मुलीचा खेळ बुडतो. उसळली, तर ती कशानं उसळली हे खोलीत फक्त मला माहीत असणार. आमच्या शास्त्रात भय हा स्थायीभाव, आणि घाम, कंप ही त्याची बाहेर दिसणारी लक्षणं. इथे लक्षण आहे आणि भाव नाही. कारणावाचून कार्य घडलं की त्याला विभावना अलंकार म्हणतात. विद्यार्थ्यांना मी तो फार रंगवून शिकवत असे. कवितेत तो शोभतोही.

भाची हुशार आहे, हे तिच्यात तुमच्याकडून आलं असावं. तिनं ठरवलं की तुलनेसाठी माझी साध्या दिवसाची रेघही हवी, म्हणून घड्याळ आता घरीही हातावर असतं आणि रेघ तिच्या फोनवर. परवा मी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होतो. तीच हुकलेली पायरी. कठडा धरून उभा राहिलो, तेवढ्यात आतून आवाज आला.

'बाबा, आत्ता कशाला घाबरलात?'

'पाल,' मी म्हणालो.

पाल नव्हती. पण तुमची बहीण हातातलं काम टाकून झाडू घेऊन धावली. 'कुठाय? कुठे गेली? अहो, नुसतं बोट तरी दाखवा!' मी कुंडीमागे बोट दाखवलं. सगळ्या कुंड्या हलवल्या. नंतर जेवताना पुन्हा झालं, पुन्हा भाचीनं विचारलं, आणि मला दुसरं काही सुचेना. या वेळी फ्रिज सरकवला, ओट्याखालचे डबे बाहेर आले, आणि संबंध घर पाहून झाल्यावर तुमची बहीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'एवढ्या वर्षांत या घरात पाल नव्हती, आणि आता तुम्हालाच कशी दिसते हो?' काल तिनं औषध फवारणाऱ्या माणसाला बोलावलं. तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, ताई, पाल सोडा, झुरळसुद्धा नाही. त्यावर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. दादा, टॉवेलवालीच्या नजरेनं माझी रेघ एवढी हलली नसेल.

घड्याळच बिघडलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. ध्वनिमहर्षीकडून दुसरं मागून घेतलं आणि आज सकाळी दोन्ही हातांवर दोन बांधून दाढी करायला बसलो. दोघांनी एकाच वेळी तीच हुकलेली पायरी सांगितली. गालावर थोडं कापलं, बाकी काही नाही.

असो. विनोदाचा भाग सोडला तर धंदा बरा चाललाय. वहिनींना नमस्कार, तुम्ही गोड खाणं टाळावं, आणि हे पत्र वाचून झाल्यावर फाडावं.

आपला आज्ञाधारक,
तुमचा भित्रा मेहुणा (संचालक)

ता. क. माझ्या फोनची मांडणी भाचीनंच करून दिलेली आहे, त्यामुळे त्यात येणारं-जाणारं सगळं तिच्याही नजरेस पडतं. म्हणून कागद खराब केला. उलट फोनही करू नका. तुमचा फोन आला की तुमची बहीण तो स्पीकरवर टाकते.

ता. क. २. गुरुवारी मी तुमच्या गावी येतोय. घरी सांगितलंय की परीक्षकांची बैठक आहे. बैठक नाही. मी सरळ तुमच्या दवाखान्यात येईन आणि इतरांसारखा बाहेरच्या बाकावर बसेन. मला तुमच्या यंत्राला जोडा आणि नीट पाहा. शुक्रवारी मी त्या खुर्चीत बसू शकतो का, एवढं मला त्याच दिवशी हवं आहे. बसू नये असं असेल तर ते भाचीला तुम्ही सांगा. माझ्याच्यानं सांगवणार नाही.

ता. क. ३. मरणाची भीती वाटते, ती कोणालाही वाटेल, तिचं मी काही फार कौतुक करत नाही. मला भीती वाटते ती वेगळीच. शुक्रवारी ते खरोखर झालं, तर ते तिच्याच मोठ्या पडद्यावर होईल. सगळे माझ्याकडे पाठ करून बसलेले असतील. रेघ उसळेल, आणि माझी पोर मागे वळून पाहण्याआधी आनंदानं टाळी वाजवेल. आणि मग ती टाळी तिला जन्मभर विसरता येणार नाही.