उन्नतीच्या क्लासच्या आत माझा क्लास

३ मार्च, सोमवार
टीममधली उन्नती नोकरी सोडून पुण्याला चालली. शनिवारी दुर्गहून गाडी. मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. डबा तसाच परत आणला, ते भूक नव्हती म्हणून.
घरी बाबा म्हणाले, तुले आवडते तं सांगून टाक नं, कावून थांबला? छत्तीस वर्षं स्टील प्लांटमध्ये काढलेल्या माणसाला यातलं नाजूक काही कळत नाही. संकल्प: शुक्रवारपर्यंत सांगणे.

४ मार्च, सकाळी ११
आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचे मेसेज पाठवतं. ते नीट चालतं का हे तपासणारी, जावा भाषेतली टेस्ट उन्नतीने लिहिली. माझी टेस्ट तिच्या क्लासच्या, म्हणजे कोडच्या कप्प्याच्या आत, नेस्टेड. बाहेरच्या क्लासचं सेटिंग आतल्याला आपोआप मिळतं. तिचं सेटिंग असं, की मेसेज खरा जात नाही, फक्त गेल्याचं नाटक होतं. म्हणून बिनधास्त मनातलं लिहिलं: ‘उन्नती, जाऊ नको.’ नंबरही तिचाच टाकला, मला तोच पाठ आहे. टेस्ट पास. अर्धं सांगून झालं म्हणायचं.

५ मार्च
चहाला दोघंच होतो. सांगणारच होतो. ऑफिसच्या वाटेवरच्या कुम्हारीच्या ट्रॅफिकवर बोललो.

६ मार्च, दुपारी
आमच्या लीड दामिनी मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, प्रवीण का टेस्ट तो उन्नती के भरोसे चल रहा है, वो गई तो? उन्नती हसली. फार लागलं.
ठीक आहे. तिचं काही नको. माझ्या क्लासवर ओव्हरराइड लिहिलं, म्हणजे बाहेरच्याकडून काही घ्यायचं नाही. स्वतःचं सेटिंग लिहायचं राहिलं, पण टेस्ट चालवणारं फ्रेमवर्क बघून घेईल. मॅडमना दाखवायला टेस्ट चाळीस वेळा चालवली. चाळीसही पास. आपण कच्चे नाही.

७ मार्च, सकाळी १०.२०
आत्ता लक्षात आलं, नाटकाचं सेटिंग तिच्या क्लासमध्ये होतं. ते मी नाकारलं. म्हणजे मेसेज खरेच गेले. चाळीस.
लॅपटॉप मिटला. मग वाटलं, बरंच झालं, कळलं तर! उत्तर नाही अजून. विचार करत असेल. घरी जाऊन नवा शर्ट घालून आलो.

दुपारी ४
निरोपाचा केक. उन्नती स्वतःहून जवळ आली. म्हणाली, प्रवीण भैया, तुमच्या टेस्टचे मेसेज मले येऊन राहिले होते, मी तर घाबरलीच, सिस्टम हँग झाला का काय. टेन्शन नका घेऊ, जाता जाता ठीक करून दिलं.
मी थँक यू म्हणालो. चांगलं ठणठणीत म्हणालो.

८ मार्च, शनिवार
स्टेशनवर गेलो नाही. घरी काम होतं.
काम नव्हतं. लॅपटॉपवर तिची शेवटची दुरुस्ती उघडली. ओव्हरराइड काढलंय. माझ्या क्लासला पुन्हा तिचंच सेटिंग. नंबराच्या जागी दहा शून्यं. ‘उन्नती, जाऊ नको’च्या जागी ‘टेस्ट मेसेज’. बाजूला तिने कारण लिहिलंय: फालतू मजकूर काढला.
चालवून पाहिली. पास झाली. मग टेबलावर डोकं ठेवून खूप रडलो. बाबा दारात येऊन उभे राहिले. सर्दी झाली म्हणून सांगितलं.