हीटरजवळची बोंडं

आई,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. तू होतीस तेव्हा आपण फोनवर बोलायचो, आणि दोन वाक्यं झाली की तू ‘गॅसवर दूध आहे’ म्हणून ठेवून द्यायचीस. पण यंदाच्या हिवाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात जे झालं, ते तुझ्याशिवाय कोणाला सांगावं हे सुचेना.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, कझाकस्तानातून फार पूर्वी इथे, या जर्मन गावात आलेल्या. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायचा त्यांना भारी नाद, आणि गळाला लावायला दुकानातून काही विकत आणतील तर शपथ. इथे बॉबलिंगेनच्या बाहेर शेतांच्या कडेने एक झुडूप वाढतं. हिवाळ्यात ते वाळून उभं असतं आणि त्याची काटेरी बोंडं कपड्यांना चिकटतात, आपल्याकडच्या कुसळांचा थोरला भाऊच म्हण. त्या बोंडात, बियांच्या मधोमध, एक पांढरी अळी हिवाळाभर झोपून असते. आजींचा अंगठा दुखावला होता, म्हणून यंदा बोंडं तोडायला त्यांनी मला नेलं. “चोळून बघ,” त्या म्हणाल्या. “बिया सुट्या झाल्या तर आत कोणी नाही. एकमेकींना चिकटून बसल्या, तर आहे. कळलं?” भाजीवाल्याच्या गाडीशी प्रत्येक वांगं फिरवफिरवून बघणारी तू मला तिथे आठवलीस. आपल्यामागे ताटकळलेल्या बायका आठवल्या, आणि भाजीवाल्याचा चेहराही.

खरं सांगू का, मी गेले ती घरातून बाहेर पडायला मिळतंय म्हणून. तुझी नात दिवाळीपासून माझ्याशी बोलत नव्हती. भांडण नाही, काही नाही. शाळेतून यायची, खोलीत जायची, दार लावायची. तिचे बाबा नोकरीपायी आठवडाभर हेर्त्सोगेनआउराखला, शुक्रवारी यायचे, तेव्हा तेवढ्यापुरती हसायची. मी मागे लागले. काय झालं, कोणी काही बोललं का, काही दुखतंय का? एकच उत्तर, “निक्स.” काही नाही. तेरा वर्षांच्या मुलींबद्दल पेपरात काय काय वाचतो आपण. ते सगळं माझ्या डोक्यात नाचायचं. ऑफिसात मीटिंग चालू असायची आणि मी फोन उलटा ठेवून त्याच्याकडेच बघत बसायचे. मी फार घाबरले होते, आई.

तर बोंडं आणली. दमट होती. आपल्या घरात दमट वस्तू दिसली की काय करायचं हे तू माझ्या हाडीमाशी खिळवलंयस. मी वर्तमानपत्र अंथरलं, हीटरजवळ कुरडया घालाव्यात तशी सगळी बोंडं पसरली आणि शहाण्यासारखी झोपले. सकाळी स्वयंपाकघरातून किंकाळी आली. “मामा! दी लेबेन! आई, ह्या जिवंत आहेत!” धावत गेले तर पोरगी खुर्चीवर चढलेली आणि खाली अळ्या निघालेल्या. उबेने वसंत आला असं वाटलं असणार बिचाऱ्यांना. एक तर डोशाच्या पिठाच्या पातेल्याकडे निघाली होती. मी आजींना फोन लावला. त्या ओरडल्याच, “हीटरजवळ? नाईन! त्यांना थंडी हवी! आत्ताच्या आत्ता सगळ्या काढ, भुशात घाल आणि बाल्कनीत ठेव!” मी फोन ठेवला. माझी मुलगी खुर्चीवर उभी राहून हसत होती. पोट धरून हसत होती. तो आवाज मी विसरत चालले होते.

रविवार होता, तिचे बाबा त्या आठवड्यात आले नव्हते. दोघी जमिनीवर बसलो, मध्ये पेपर, पेपरावर बोंडं. मी हातमोजे घालून फोडायचे, ती चिमट्याने अळी उचलून डबीत टाकायची. डबी अर्धी भरली. माझ्या जिभेवर प्रश्न आला होता, आणि तेवढ्यात तू आलीस.

सांगलीचं घर, मटाराचा ढीग, आणि ड्रॉइंगच्या पेपरात नापास झालेली मी. बाबा दारात उभे राहून विचारतायत, निकालाचं काय? तू मान वर न करता म्हणतेस, “तिला काही विचारू नका हो. हाताला काम असलं की माणूस आपोआप बोलतं.” बाबा जातात. मी सोलत राहते आणि अर्ध्या ढिगाशी सगळं सांगून मोकळी होते. तू फक्त म्हणतेस, “तो दाणा किडका आहे गं, बाजूला टाक.” तेव्हा मला तुझा राग आला होता. वाटलं, हिला काही पडलेलीच नाही.

मी प्रश्न गिळला. पुढचं बोंड फोडलं. आणि ती बोलायला लागली, चिमट्याकडे बघत, जर्मनमध्ये. तिची जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या घोळक्यात गेली. त्यांनी हिला ग्रुपमधून काढलं. मधल्या सुट्टीत ही सायकली लावतात तिथे एकटी बसून डबा खाते. मग शेवटचं मराठीत म्हणाली, “कुणीच बोलत नाही माझ्याशी.” मी म्हटलं, “हे रिकामं आहे, टाकून दे.” तिने टाकलं, आणि मग आणखी खूप काही सांगितलं.

दुःख मोठंच होतं तिचं, पण मी जे जे मनात आणलं होतं त्यातलं एकही नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी दोनदा चहा केला आणि दोनदा साखर विसरले. पुढच्या शनिवारी आजींनी आम्हाला आल्गॉयच्या डोंगरांमधल्या त्यांच्या मासेमारीच्या क्लबच्या तळ्यावर नेलं. मासा लागला एकच, हाताएवढा. गळाला जिवंत अळी लावलेली तुला आवडली नसती, मलाही बघवलं नाही. तुझी नात मात्र परतीच्या वाटेवर गाडीत अखंड बडबडत होती. नंतर आम्ही दोघी जाऊन तिच्या वर्गशिक्षिकेशी बोललो. आता ती एका नव्या मुलीबरोबर डबा खाते. त्या मुलीला आपली चटणी फार तिखट लागते म्हणे.

घरात निवडलेली मेथी असतानाही तू मुळांसकटची जुडी का आणायचीस, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. हे पत्र कुठे पाठवणार? तुझ्या जुन्या डब्यात ठेवून देईन.

परवा बर्फ वितळला. आजींनी गळ गुंडाळून तळघरात ठेवला. आता अळ्या कोणालाच नकोत. आज मी शेतावर जाऊन बोंडांची आणखी एक पिशवी भरून आणली. तुझ्या नातीला सांगितलंय, खालच्या आजींनी मागवलीत.