निकालातली जमीन

प्रिय देल्फिना,

माझा फोन पोलिसांनी ठेवून घेतलाय, म्हणून हा कागद वकीलबाईंच्या हाती राजधानीत, असुन्सिओनला, तुझ्या कामाच्या घरी पाठवतोय. मला मारहाण वगैरे झालेली नाही. कोठडीत पंखा आहे, पाणी आहे. आपल्या वस्तीपेक्षा बरंच म्हणायचं.

आई विमानात बसून परदेशातल्या त्या मानवी हक्कांच्या न्यायालयात गेली, तेव्हा तुझं नुकतंच लग्न झालं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, "आजी, सरकारकडून तुम्हाला काय हवंय?" आई म्हणाली, "नवीन काही नको. आमचंच रान परत द्या. माझी तान्ही पोर तिथं पुरलीय आणि मधे त्या गाईवाल्या मालकाचं तारेचं कुंपण आहे." निकाल आपल्या बाजूनं लागला. जमीन या लोकांची आहे, सरकारनं ती परत करावी. रस्ता आणि कुंपण यांच्यामधल्या ज्या चिंचोळ्या पट्टीत आपली वस्ती आहे, तिथंच आपण सगळे नाचलो होतो.

मग साहेब येऊ लागले. प्रत्येक सरकारचा वेगळा साहेब. आपल्यासोबत थंडगार तेरेरे प्यायचे, फोटो काढायचे आणि सांगायचे, "निकाल आम्हाला पूर्ण मान्य आहे, मावशी. जरा धीर धरा." ते गेले की आई म्हणायची, "देल्फिनाच्या नवऱ्यासारखे बोलतात मेले. सगळं मान्य, करायचं काही नाही." तू त्याला सोडून गेलीस याचं तिला किती बरं वाटलं होतं, हे तुला कधी सांगितलं नसेल तिनं. कुंपणापलीकडे मालकाच्या वशिंडाच्या गाई वाढत गेल्या. निकाल आहे तिथंच राहिला.

देल्फिना, खरं सांगायचं ते टाळत टाळत इथवर आलो. आई गेली. उत्तरेचा गरम वारा सुटला होता, पाण्याचा टँकर बरेच दिवस फिरकला नव्हता. डबक्यातलं पाणी पोटात गेलं, जुलाब लागले, दवाखान्याची गाडी आलीच नाही. जाताना म्हणाली, "मला रस्त्याकडेला पुरू नका रे. ट्रकच्या आवाजानं झोप लागत नाही मला."

मी आणि सेफेरिनोमामांनी तारा कापल्या आणि तिला आत नेलं, तान्हीच्या शेजारी. माती लोटून होते न होते तोच पोलीस हजर. अधिकारी म्हणाला, "ही खासगी जागा आहे." मामांनी विचारलं, "निकाल वाचलात का साहेब?" तो म्हणाला, "तो आमच्यापर्यंत आलेला नाही." मामा म्हणाले, "तार तुटल्याचं मात्र लगेच आलं की तुमच्यापर्यंत." त्यावर मला गाडीत घातलं. मामांना वयामुळे सोडून दिलं.

काल इथल्या न्यायाधीशांनी हुकूम काढला. प्रेत उकरून कुंपणाबाहेर काढावं. वकीलबाई धडपडतायत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. शुक्रवारी सकाळी येणार आहेत. खोदायचं यंत्र, डॉक्टर, पोलिसांच्या गाड्या, सगळं ठरलंय. या सरकारला हुकूम पाळताच येत नाही, असं इतकी वर्षं मी समजत होतो. मला तोवर सोडणार नाहीत, मामांना उभं राहवत नाही. आईला बाहेर काढतील तेव्हा तिच्याजवळ घरचं कुणी हवं. मालकीणबाईनं रजा दिली नाही तरी ये.

तुझाच भाऊ,
एलादिओ